एकशे तिसऱ्या मजल्यावर उतरताना

लिफ्ट वर निघाली आणि कानांत दडे बसले. शेजारच्या आजींनी नातवाला आवंढा गिळायची खूण केली, तसा मीही गिळला. दार उघडले ते थेट १०३व्या मजल्यावर, हॉटेलच्या स्वागतकक्षात.

हाँगकाँगमधली आयसीसी ही इमारत ४८४ मीटर उंच आहे. तिच्या १०२ ते ११८ या मजल्यांवर रिट्झ-कार्लटन हॉटेल आहे. ते २०११ साली सुरू झाले. पोहण्याचा तलाव अगदी वर, ११८व्या मजल्यावर. मात्र खरोखर मोजायला गेले तर इमारतीचे मजले १०८च भरतात. कँटोनीजमध्ये ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’च्या उच्चाराच्या अगदी जवळ जातो, म्हणून चाराचे मजले क्रमांकातून गाळले आहेत.

पण मला जास्त रस होता तो एवढी उंच इमारत हाँगकाँगच्या कौलून भागात उभी कशी राहिली, यात. जुना काय टाक विमानतळ कौलूनच्या वस्तीला खेटून होता. विमाने घरांच्या गच्च्यांवरून धडधडत उतरत, आणि त्यामुळे या भागात इमारतींच्या उंचीवर कडक मर्यादा होती. जुलै १९९८मध्ये विमानतळ चेक लॅप कॉक बेटावर हलला आणि कौलूनचे आभाळ मोकळे झाले. आयसीसीची जमीनसुद्धा समुद्रात भराव घालून मिळवलेली. नरिमन पॉइंट पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तरीही आराखड्यातली उंची कमी करावी लागली, कारण इमारतीने डोंगरांच्या माथ्याची रेघ झाकू नये असा तिथला दंडक आहे. हा दंडक मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या शहरांनी घ्यावा असा.

खोलीत काचेशी बसले की व्हिक्टोरिया बंदर पायाशी येते. रात्री आठला दोन्ही किनाऱ्यांवरच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ सुरू होतो. आवाज मात्र काहीच नाही. खिडकी उघडत नाही, त्यामुळे खालचे शहर मुके वाटते. दुसऱ्या दिवशी तर तेही दिसेना. मार्च-एप्रिलमध्ये इथे धुके आणि दमट हवा असते, आणि इतक्या उंचीवर काचेबाहेर नुसता पांढरा पडदा राहतो. देखाव्यासाठीच पैसे मोजणार असाल तर ऑक्टोबर ते डिसेंबर निवडा. तेव्हा हवा कोरडी, आकाश स्वच्छ.

धुके निवळले तेव्हा खाली पाण्यावर हिरव्या-पांढऱ्या होड्या दिसल्या. स्टार फेरी. कौलून आणि हाँगकाँग बेट यांच्यामध्ये माणसे ने-आण करणारी ही सेवा १८८८मध्ये कंपनीच्या रूपात उभी केली ती दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. मुंबईहून तिकडे गेलेला हा माणूस. दहा वर्षांनी, १८९८मध्ये, कंपनीला आजचे नाव मिळाले.

मी लिफ्टने खाली आले, चालत चिम शा चुईच्या धक्क्यावर गेले आणि फेरीतल्या लाकडी बाकावर जागा धरली. इंजिनाची घरघर, डिझेलचा वास, पिशव्या सांभाळत गप्पा मारणाऱ्या बायका. वर न ऐकू आलेले शहर इथे कानाशी होते. तिकीट काही डॉलरचे, प्रवास दहाएक मिनिटांचा. तुम्ही गेलात तर वरची एक रात्र जरूर घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोराबजींच्या फेरीनेच पलीकडे जा.