‘पुरे’ म्हणणारं कुणीतरी

जूनमधला रविवार. न्यू जर्सीतलं एक मैदान, दुपारचा दीड, डोक्यावर ऊन. दोन दिवसांतली सॉफ्टबॉलची पाचवी मॅच सुरू होती आणि आमची बारा वर्षांची लेक त्यातली चौथी मॅच टाकत होती. शेजारी घडीच्या खुर्चीवर माझे सासरे बसलेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून अण्णांनी आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मांडीवर दोनशे पानी वही, हातात पेन्सिल. नातीने टाकलेल्या प्रत्येक चेंडूला एक उभी रेघ, पाचवीला आडवी. चौथ्या इनिंगला त्यांनी रेघा मोजल्या आणि वही माझ्यापुढे धरली. दोन दिवसांचे मिळून तीनशे अकरा.

अण्णा एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलतात, रागावले की वऱ्हाडी होतात. म्हणाले, “हिले पुरे कोन म्हननार?”

तोवर आम्ही कोचला बरेच प्रश्न विचारले होते. फी किती, स्पर्धा कुठे, कपडे कोणत्या रंगाचे, गेल्या वर्षी किती चषक जिंकले. हा एक प्रश्न मात्र विचारला नव्हता. पुढे मुलीसाठी संघ निवडताना आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो हाच.

ना षटकांची मर्यादा, ना विश्रांतीची सक्ती

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पिचरचं, म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारीचं, ओझं चटकन कळत नाही. क्रिकेटमध्ये सहा चेंडू झाले की दुसऱ्या टोकाचा गोलंदाज येतो. ट्वेन्टी-ट्वेन्टीत चार षटकं संपली की बुमरा असला तरी त्याला क्षेत्ररक्षणाला जावं लागतं. सॉफ्टबॉलमध्ये असं काही नाही. सामना सात इनिंगचा, आणि पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत एकच मुलगी टाकत राहिली तरी नियम आड येत नाही. इथल्या खासगी क्लबांच्या बहुतेक ‘ट्रॅव्हल’ स्पर्धांमध्ये चेंडूंच्या संख्येवर बंधन नसतं. पंच तिला थांबवत नाही. थांबवायचं असलं तर कोचने थांबवायचं.

त्यात एक जुना समज असा, की चेंडू खालून टाकायचा असल्याने खांद्याला त्रास होत नाही. सॉफ्टबॉलची पिचर हात पवनचक्कीसारखा पूर्ण फिरवते आणि चेंडू मांडीजवळ सोडते. संशोधकांनी या फेकीचं मोजमाप केलं तेव्हा खांद्याच्या सांध्यावर येणारी ओढ बेसबॉलच्या वरून फेकणाऱ्या पिचरइतकीच भरली. शिवाय नाव सॉफ्टबॉल असलं तरी चेंडू मऊ नसतो. मोठ्या मुलींच्या चेंडूचा घेर 12 इंच आणि वजन 178 ते 198 ग्रॅम. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो, यावरून अंदाज यावा.

घरात पिचर असली की तिच्या उजव्या बुटाकडे बघावं. फेकताना मागचा पाय जमिनीवर घासत पुढे येतो, त्यामुळे बुटाचा चवडा दोन महिन्यांत फाटतो. त्यावर बसवायचं टोपण बाजारात मिळतं, पण अण्णांनी जुन्या पट्ट्याचं चामडं कापून दाभणाने शिवून दिलं. लेकीच्या मांडीवर मनगट घासून एक तांबूस वण पडला आहे, तो मोसम संपला तरी जात नाही. ड्राइव्हवेवर उपड्या बादलीवर बसून तिचे चेंडू झेलणारा तिचा बाबा हे आमच्या गल्लीतलं नेहमीचं दृश्य. अमेरिकेत अशा बापांची एक जातच आहे, त्यांना ‘बकेट डॅड’ म्हणतात.

संघांचा बाजार

1887 साली शिकागोत, हिवाळ्यात छताखाली खेळता यावं म्हणून निघालेला हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. अमेरिकेत तो मुलींचा झाला त्यामागे 1972चा ‘टायटल नाइन’ कायदा मोठं कारण आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींना डावलता येईना, तसे मुलींचे संघ उभे राहिले आणि शिष्यवृत्त्याही आल्या. आज कॉलेज क्रीडा संघटनेच्या सर्वांत वरच्या गटातच तीनशेच्या आसपास सॉफ्टबॉल संघ आहेत. दर वर्षी ओक्लाहोमा सिटीला त्यांचा अंतिम सोहळा रंगतो. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधला सॉफ्टबॉलही ओक्लाहोमा सिटीतच होणार आहे.

कॉलेजच्या वाटेवरचा नेहमीचा टप्पा म्हणजे ट्रॅव्हल बॉल. गावातल्या हौशी लीगच्या वरचे हे खासगी क्लब. वयोगट दोन-दोन वर्षांचे: 10, 12, 14, 16 आणि 18 वर्षांखालचे. उन्हाळ्याचा मोसम संपला की ऑगस्टमध्ये निवड चाचण्या सुरू होतात. आमच्याकडे गणपतीच्या आराशीची तयारी आणि ट्रायआउटची धावपळ एकदमच येते. एकीकडे मखराला थर्माकोल नको म्हणून वाद चाललेला असतो, दुसरीकडे फोनवर मेसेज येतो: “तुमच्या मुलीला जागा देत आहोत, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.”

ही घाई मुद्दाम केलेली असते. चांगली पिचर सगळ्यांनाच हवी असते, म्हणून पालकांना विचार करायला वेळ दिला जात नाही. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय साधा आहे. विचार जुलैतच करून ठेवावा. चाचणीआधी त्या संघाचे दोन सामने लांबून बघावेत, तेही मुलीला न नेता. जिंकणाऱ्या सामन्यापेक्षा हरणारा सामना बघावा. चौथ्या इनिंगला पिचरने वाईट चेंडू टाकून लागोपाठ तीन फलंदाजांना चालत पहिल्या बेसवर जाऊ दिलं, तर कोच काय करतो? तिच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलतो, की कुंपणाला टेकून ओरडतो? संघाची माहितीपत्रकं सांगत नाहीत ते या दोन मिनिटांत दिसतं.

तीन संघ, तीन तऱ्हा

त्या तीनशे अकरा चेंडूंच्या मोसमानंतर आमच्यासमोर तीन पर्याय होते. थोड्याफार फरकाने ते प्रत्येक पिचरच्या घरासमोर येतात.

पहिला, मोठ्या नावाच्या क्लबचा पहिला संघ. भिंतभर चषक, कॉलेजच्या कोचांशी ओळखी, महिन्यातून दोनदा विमानप्रवास. पण यादीत पाच पिचर. हिशोब घालून पाहिला. शनिवार-रविवार मिळून पाच सामने, वेळेची मर्यादा धरून प्रत्येकी चार-पाच इनिंग. पाच जणींत वाटल्या तर वाट्याला चार-पाच इनिंग येतात. प्रत्यक्षात वाटणी सारखी नसते. महत्त्वाचे सामने पहिल्या दोघी टाकतात, पाचवीला शनिवारी सकाळी दोन इनिंग मिळाल्या तरी नशीब. पिचिंग बाकावर बसून येत नाही. सराव बादलीवर होतो, पण बेसवर धावपटू असताना तिसरा वाईट चेंडू पडल्यावर चौथा कसा टाकायचा, हे मैदानातच कळतं.

दुसरा, आमचाच जुना संघ. तिथे ती एकटीच पिचर. प्रेम भरपूर, इनिंग भरपूर, आणि अण्णांच्या वहीत रेघांची जत्रा. कोच वाईट माणूस नव्हता, त्याच्याकडे दुसरा हात नव्हता एवढंच. शिवाय मागचं क्षेत्ररक्षण कच्चं. साधा घरंगळता चेंडू सुटला की बाद होणारी फलंदाज बेसवर, आणि पिचरला आणखी सहा चेंडू. कमकुवत संघात पिचर दमते ती अशी, दुसऱ्यांच्या चुकांचे चेंडू टाकून.

तिसरा, दोन गावं पलीकडचा मध्यम संघ. चषक कमी, प्रवास गाडीने दोन तासांच्या आत, तीन पिचर, आणि एक बरी कॅचर. कॅचरला मी मुद्दाम मोजते. खाली वळणारा चेंडू जमिनीला लागला तरी अंगावर घेऊन अडवणारी कॅचर नसेल, तर पिचर तो चेंडू टाकायलाच घाबरते आणि तिची वाढ तिथेच खुंटते.

अण्णा अमरावतीहून व्हिडिओ कॉलवर होते. आम्ही तिन्ही संघ समजावून सांगितले. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: “चेंडू किती मिळतील? आणि पुरे कोण म्हणेल?” पहिला संघ पहिल्या प्रश्नात नापास, दुसरा दुसऱ्यात. मोठ्या क्लबची टोपी घालून फोटो काढायची माझी हौस तिथेच गळाली.

आणखी काही खाचाखोचा

वयोगट बदलताना संघ बदलायचा असेल तर जरा जपून. दहा वर्षांखालच्या मुली 35 फुटांवरून 11 इंची चेंडू टाकतात. बारा वर्षांखालच्या गटात अंतर 40 फूट आणि चेंडू 12 इंची होतो, चौदाच्या गटात अंतर 43 फूट. चेंडू बोटांत मावेनासा होतो किंवा फलंदाजापुढची प्लेट तीन फूट लांब जाते, आणि कालची हुकमी पिचर आज वाइडवर वाइड टाकते. अशा वर्षी धीर धरणारा कोच हवा. मुलगी गुणी आहे म्हणून एक गट वर खेळवण्याचा आग्रह याच काळात होतो आणि याच काळात तो सर्वांत महाग पडतो.

खासगी पिचिंग कोच असेल तर संघाचा कोच तिच्या फेकीत हात घालणार का, हे आधीच विचारावं. मंगळवारी एकाने सांगायचं मनगट असं वळव, शनिवारी दुसऱ्याने म्हणायचं तसं वळव, यात पोरीचं मनगट आणि मन दोन्ही अडकतं. पिचिंग नसेल तेव्हा ती काय करणार, हाही प्रश्न हवा. फलंदाजी करणार, पहिल्या बेसवर उभी राहणार, की बाकावर सावलीत बसणार? आणि वर्षात पिचिंगची सलग सुट्टी किती, हेही. ‘आमच्याकडे बारा महिने काम चालतं’ असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर नमस्कार करून निघावं.

कॉलेजचं म्हणाल, तर वरच्या गटातल्या कॉलेज कोचांना अकरावीच्या 1 सप्टेंबरआधी मुलीशी भरतीबद्दल बोलता येत नाही. म्हणजे बाराव्या वर्षी कोणी कॉलेजचं गाजर दाखवलं तर मधली चार वर्षं आठवावीत.

महाराष्ट्रात हा बाजार नाही. तिथे शाळा, जिल्हा, विभाग, राज्य अशी निवडीची शिडी असते. संघ आपण निवडत नाही, आपल्याला निवडलं जातं. पण एकाच पिचरच्या जिवावर जिल्ह्याचा संघ ओढला जातो तेव्हा अण्णांचे प्रश्न तिथेही लागू पडतात. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाच्या आईलाही ते वापरता येतील.

एकटी आणि दोघी

या खेळात एका आकड्याची दंतकथा झाली आहे: 413. बीजिंग ऑलिंपिक, 2008. जपानची युकिको उएनो 20 ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध नऊ इनिंग टाकून हरली, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध बारा इनिंग टाकून जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात सात इनिंग टाकून अमेरिकेला 3-1 असं हरवलं. दोन दिवसांत 28 इनिंग, 413 चेंडू आणि सुवर्णपदक. ही गोष्ट लेकीच्या जुन्या कोचने संघाला मोठ्या कौतुकाने सांगितली होती. उएनो 26 वर्षांची होती आणि ती ऑलिंपिकची फायनल होती, हे दोन तपशील त्याने गाळले.

त्या गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून गेला तो परतला थेट टोकियोत. 27 जुलै 2021, योकोहामा, पुन्हा जपान आणि अमेरिका. उएनो आता 39 वर्षांची. सहाव्या इनिंगला तिने चेंडू 20 वर्षांच्या मियू गोतोच्या हाती दिला. अमेरिकेचा एक जोरकस फटका तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हातावर आपटून उडाला, शॉर्टस्टॉपने तो हवेतच झेलला आणि त्यावर दोघी बाद झाल्या. सॉफ्टबॉलमध्ये बाहेर गेलेली मूळ खेळाडू एकदा परत येऊ शकते. सातव्या इनिंगला उएनो परत आली आणि जपान 2-0 जिंकला. पहिलं सुवर्ण एका खांद्यावर आलं, दुसरं दोन खांद्यांवर. मुलीसाठी संघ बघायला जाल तेव्हा तिथली गोतो कोण, ते आधी बघा. दुसरी चांगली पिचर दिसली की पालकांच्या पोटात गोळा येतो. मला तर आता हायसं वाटतं.

आम्ही तिसरा संघ घेतला. लेक तिथे दुसऱ्या क्रमांकाची पिचर आहे. पहिले दोन महिने तिला ते लागलं, मलाही लागलं. मग मे महिन्यातल्या एका शनिवारी, चौथ्या इनिंगच्या मध्यावर, तिने टाइम मागितला. कोच पिचरच्या वर्तुळाशी गेले. काय बोलणं झालं ते कुंपणाबाहेर ऐकू आलं नाही. तिने स्वतःचा खांदा दाखवला आणि चेंडू त्यांच्या हातावर ठेवला. पहिल्या बेसवरची मुलगी वर्तुळात आली, आमची लेक पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली. कोणी ओरडलं नाही. जुन्या संघात असं करायची तिची छाती झाली असती, असं मला वाटत नाही.

ती मॅच आम्ही हरलो. परतताना गाडीत तिने दोन दशम्या खाल्ल्या आणि अण्णांना फोन लावला. तिकडे रविवारची पहाट. वही आता तिच्याकडे आहे, रेघा तीच मारते.

“किती?” अण्णांनी विचारलं.

“सत्तेचाळीस.”

“पुरे कोण म्हणालं?”

“मीच.”

“बरं,” अण्णा म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.