गाडीखालची जमीन

बंगल्याचं काम आटोपतं, रंग होतो, वास्तुशांतीची तारीख ठरते आणि मग मालकाचं लक्ष फाटकापासून पोर्चपर्यंतच्या पट्ट्याकडे जातं. तोवर पैसा आणि हौस दोन्ही आटत आलेले असतात. कंत्राटदार म्हणतो, ‘पेव्हर ब्लॉक मारून देऊ साहेब, चिखलाची कटकटच नको.’ चार दिवसांत काम उरकतं, कडेने कुंड्या मांडल्या जातात आणि पहिल्याच वळवाच्या सरीत सगळं पाणी रस्त्याकडे धावत सुटतं. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून तो अंगणापेक्षा उंच झाला असेल, तर तेच पाणी उलट पोर्चमध्ये शिरतं.

हे पाणी किती असतं? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर. तीन मीटर रुंद आणि बारा मीटर लांब पट्टा धरला तर ३६ चौरस मीटर झाले. पन्नास मिलिमीटरच्या एका दणक्यात त्यावर १,८०० लिटर पाणी पडतं. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तरी पंचवीस हजार लिटर झालं. काँक्रीटवरून त्यातलं बहुतेक सगळं वाहून जातं. त्यामुळे फाटकाजवळची बाग आखताना झाडं कोणती लावायची हे नंतर ठरवावं. आधी पाणी कुठे जाणार ते ठरवावं.

पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी आपोआप मुरतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मुरायला हवं हे खरं, पण आपल्याकडे अनेकदा ब्लॉकखाली पीसीसी, म्हणजे साधं सिमेंट काँक्रीट, ओतलेलं असतं आणि गवत उगवू नये म्हणून सांधे सिमेंटने लिंपलेले असतात. हा पेव्हर नावाचा कोबाच झाला. पाणी पिणारा पट्टा करायचा तर रचना वरपासून खालपर्यंत वेगळी लागते. गाडीसाठी ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक, सांध्यांत वाळू-सिमेंटऐवजी बारीक खडी आणि खाली एकाच मापाच्या मोठ्या खडीचा जाड थर. खडी एकाच मापाची असली की दगडादगडांत साधारण ४० टक्के जागा मोकळी राहते. म्हणजे फूटभर जाडीच्या थरात शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस मावतो. तिथून तो सावकाश जमिनीत उतरतो. त्यात कच मिसळली की फटी बुजल्या आणि सगळा खर्च पाण्यात. मिस्त्रीला मात्र कच हवी असते, कारण तिच्यामुळे थर लवकर घट्ट बसतो. त्याचंही चूक नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं.

खालची जमीन कशी आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. कोकणातला जांभा सच्छिद्र, पाणी पटकन ओढून घेणारा. देशावरच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते ओलं झालं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असताना पहिला पाऊस ती माती गटागटा पिते. नंतर भेगा मिटतात आणि पाणी वर तुंबतं. याच फुगण्या-आकसण्याने ब्लॉक वरखाली होतात. अशा जागी खडीच्या तळाशी छिद्रांचा पाइप टाकून जास्तीच्या पाण्याला वाट द्यावीच लागते. आपली माती कशी आहे हे पाहायला फूटभर खोल खड्डा खणावा, पाण्याने भरून एकदा जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि तासात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजावं. अर्धा इंचही उतरली नाही, तर नुसत्या मुरण्यावर भिस्त ठेवू नये.

याहून स्वस्त उपाय जुन्या बंगल्यांत अजून दिसतो. गाडीच्या चाकांपुरत्या दोन-दोन फुटांच्या फरश्यांच्या पट्ट्या आणि मध्ये हिरवळ. तिथे नाजूक कार्पेट लॉन कशाला? आपली हरळी, म्हणजेच दूर्वा, उन्हाची आणि तुडवण्याची दोन्हींची सवय असलेली. तिचे फुटवे जमिनीलगत आणि जमिनीखालीही असतात, म्हणून वरचं पातं चिरडलं तरी ती पुन्हा उठते. सावलीत मात्र ती टिकत नाही, त्यामुळे दिवसभर गाडी उभी राहते तिथे खडीच बरी.

पट्ट्याच्या उताराकडच्या बाजूला अर्धा फूट खोलीचा पसरट वाफा करावा. अमेरिकेत मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या दशकात घरोघरी असे वाफे करून पाहिले गेले आणि तिथून ती पद्धत जगभर गेली. गाडीतून ठिबकलेलं तेल पाण्याबरोबर या वाफ्यात येतं, तिथले जिवाणू ते हळूहळू फोडतात. धातूंचे अंश चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य धरून ठेवतात. कर्दळ आणि वाळा इथे छान जगतात. फक्त खाण्याचं काही लावू नये. डेंगीच्या भीतीने लोक बिचकतात, पण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात आणि नीट केलेला वाफा दीड-दोन दिवसांत कोरडा होतो. त्या कुंड्यांखालच्या ताटल्या जास्त धोकादायक!

झाडांची बहुतेक अन्नशोषक मुळं वरच्या दोनेक फुटांत असतात आणि त्यांना हवा लागते. चाकांनी माती दाबली की ती हवा जाते. बुंध्याला काँक्रीटचा फास बसला तर झाड वर्षानुवर्षं झुरत जातं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं, ते याचसाठी. फाटकाशी रबराचं झाड किंवा फायकस नको, त्यांची मुळं भिंत आणि ड्रेनेज दोन्ही शोधतात. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, नारळ-फणसाखाली तर गाडी लावूच नये. कण्हेर दिसायला गोड, पण सर्वांगाने विषारी. घरात लहान मुलं असतील तर टाळलेली बरी. बहावा, कांचन आणि आपलं राज्यफूल ताम्हण ही मंडळी अशा जागी शोभतात.

शिवाय हिशेब गारव्याचाही आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या दोन तृतीयांश युनिटएवढी. ओली माती आणि पानं ही उष्णता आसपासच्या हवेतून उचलतात. काँक्रीट मात्र दिवसभर तापतं आणि रात्री ती धग पोर्चकडे परत सोडतं.

इंग्लंडमध्ये २००७ च्या पुरानंतर नियम बदलला. ऑक्टोबर २००८ पासून घरापुढच्या अंगणात पाच चौरस मीटरहून जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करून ते पाणी रस्त्यावर सोडायचं असेल, तर परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे नियमाची वाट पाहायची गरज नाही. यंदा काम काढणार असाल तर मिस्त्रीच्या कोटेशनवरच लिहून घ्या: खाली पीसीसी नाही, खडी धुतलेली आणि एकाच मापाची, सांध्यांत सिमेंट नाही. आणि खडी उतरवून घेताना स्वतः उभे राहा.