पाने कधी टाकावीत?

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली जंबूसवारी सुमारे पाच किलोमीटरांचा मार्ग आक्रमून बन्नीमंटप येथे पोहोचते आणि तेथे मिरवणुकीची सांगता होते. कन्नड भाषेत ‘बन्नी’ म्हणजे शमी. महाराष्ट्रात त्या दिवशी आपट्याची पाने सोने म्हणून वाटतात. कर्नाटकात तोच मान बन्नीच्या पानांना आहे. या वृक्षाच्या पूजेमागे विराटपर्वातील कथा सांगितली जाते. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगराबाहेरच्या शमीवर लपवून ठेवली, ती ही कथा. ती ऐकताना शस्त्रे लपविण्याची पाळी द्यूतामुळे आली, ही गोष्ट मात्र सहसा विसरली जाते.

द्यूत एकदा नव्हे, दोनदा झाले. पहिल्या द्यूतात युधिष्ठिर हरत गेला आणि प्रत्येक हरण्याबरोबर पण वाढवीत गेला. गेलेले परत मिळविण्याच्या नादाने खेळणारा माणूस नेहमी असाच खेळतो. परंतु खरा विचार करण्याजोगा प्रसंग दुसऱ्या द्यूताचा आहे. द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे पांडव मुक्त झाले होते, धृतराष्ट्राने राज्य परत दिले होते आणि ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले होते. म्हणजे हिशेब पूर्ण मिटला होता. अशा वेळी बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास या एकाच पणासाठी पुन्हा बोलावणे आले. शकुनी फाशांत आपल्याहून सरस आहे, हे युधिष्ठिराला आता अनुभवाने ठाऊक होते. तरीही वडीलधाऱ्यांची आज्ञा आणि आव्हान नाकारण्याची लाज या दोन कारणांनी तो परतला. पत्त्यांच्या भाषेत सांगायचे तर पाने टाकून उठण्याची इतकी सोयीची वेळ क्वचितच कोणाला मिळाली असेल.

वनवासात बृहदश्व ऋषीने त्याला नळाची कथा सांगितली. तीत ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर 2095 फळे आहेत असे सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड तोडतो, फळे मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. मोजण्याची ही विद्या आणि फाशांची विद्या ऋतुपर्णाजवळ एकत्रच नांदत होत्या. कथेच्या शेवटी बृहदश्व हे अक्षहृदय युधिष्ठिरालाही देतो. ज्याने मोजल्यावाचून राज्य घालविले, त्याला हे ज्ञान राज्य गेल्यावर मिळावे, हा व्यासांचा बारकावा मोठा मार्मिक आहे.

पोकर या पाश्चात्त्य पत्त्यांच्या खेळात हाच प्रश्न दर दोन-चार मिनिटांनी उभा राहतो. येथे विचार करावयाचा आहे तो मर्यादित बोलीच्या आणि अल्प पैशांच्या डावाचा. प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात. पुढे टप्प्याटप्प्याने, आधी तीन, मग एक आणि मग आणखी एक, अशी पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात. या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, त्याने मधली सारी रक्कम, म्हणजे पॉट, उचलावयाचा. बोलीच्या चार फेऱ्या होतात. समजा, पहिल्या दोन फेऱ्यांत बोली दहा रुपयांची आणि पुढील दोन फेऱ्यांत वीस रुपयांची आहे. याहून कमी वा अधिक लावता येत नाही. दुसऱ्याच्या बोलीइतके पैसे घालून डावात राहणे म्हणजे ‘कॉल’; पाने टाकून आतापर्यंत घातलेल्या पैशांवर पाणी सोडणे म्हणजे ‘फोल्ड’. तीन पत्ती खेळणारे यालाच ‘पॅक’ म्हणतात.

आता असे समजू की पाच खेळाडूंनी पहिल्या दोन फेऱ्यांत दहा-दहा रुपये घातले. पॉट शंभराचा झाला. चौथे उघडे पान पडल्यावर एकाने वीस रुपये लावले, तिघांनी पाने टाकली आणि उरलेल्या एकाने निर्णय घ्यावयाचा आहे. त्याच्या हातात इस्पिकचा एक्का आणि सत्ती आहे. उघड्या पानांत इस्पिकचा राजा आणि चौकी, शिवाय बदामची नव्वी आणि चौकटची दुर्री आहे. आणखी एक इस्पिक पडले तर एका रंगाची पाच पाने होऊन तो बहुधा जिंकेल. न पडल्यास हरेल, असे धरू. त्याला न दिसलेली पाने 46 आहेत आणि त्यांत इस्पिकची 9 आहेत. हाच प्रसंग 46 वेळा आला असे मानले, तर 9 वेळा तो समोरचे 120 रुपये मिळवील, म्हणजे 1080; आणि 37 वेळा आपले 20 गमावील, म्हणजे 740. शिल्लक 340 राहते. तेव्हा कॉल करणे योग्य, जरी पाचांपैकी चार वेळा तो हरणार असला तरी!

याच जागी हातात अठ्ठी-सत्ती आणि समोर पंजी, चौकी, राजा, राणी असती, तर क्रम पुरा करण्यास केवळ छक्कीच उपयोगी पडली असती, आणि छक्क्या चारच. 4 वेळा 120 म्हणजे 480 ची प्राप्ती. 42 वेळा 20 म्हणजे 840 ची हानी. छक्की पडल्यावर शेवटच्या फेरीत प्रतिस्पर्ध्याकडून आणखी वीस रुपये निघतील असे गृहीत धरले तरी प्राप्ती 560 च होते. येथे पाने टाकावीत. दोन्ही प्रसंगांत आशा आहे, किंमत एकच आहे आणि पॉटही तोच आहे. फरक फक्त मोजणीत आहे.

या हिशेबात खेळाडूने आधी घातलेले स्वतःचे वीस रुपये कोठेही वेगळे धरलेले नाहीत, याकडे लक्ष द्यावे. ते पॉटमध्ये गेले तेव्हाच त्याचे राहिले नाहीत. ‘इतके घातले आहेत, आता मागे कसे फिरावे’ हे वाक्य अल्प पैशांच्या टेबलावर जितके पैसे खाते, तितके वाईट नशीबही खात नाही. अपुऱ्या राहिलेल्या डावात कोणाचा वाटा किती, या प्रश्नावर पास्काल आणि फेर्मा यांनी 1654 साली पत्रव्यवहार केला. त्यांनीही पुढे काय घडू शकते एवढेच मोजले, मागे काय घडले ते नव्हे.

शेवटची फेरी मात्र निराळी. पाचही पाने उघडी आहेत. सुधारण्यास वाव नाही. वरील डावात वीस रुपयांचा कॉल झाला असेल तर पॉट 140 चा होतो. प्रतिस्पर्धी पुन्हा वीस लावतो आणि तो 160 चा होतो. हातात एक मध्यम जोडी आहे. वीस घालून 160 मिळावयाचे, तर नवांतून एकदा जिंकले तरी बरोबरी साधते. नव्वद वेळांपैकी दहा वेळा 1600 मिळतात आणि ऐंशी वेळा 1600 जातात. क्लब दर पॉटमधून दहा रुपये कापून घेत असेल तर सतरांतून दोनदा जिंकावे लागते. म्हणजे प्रतिस्पर्धी पंच्याऐंशी टक्के खरा आहे असे वाटत असतानाही पाने टाकणे साधारणतः लाभाचे नसते. बोलीला मर्यादा नसलेल्या डावात हाच प्रतिस्पर्धी 140 च्या पॉटवर आणखी 140 लावू शकतो. तेथे तिघांतून एकदा जिंकावे लागते आणि पाने टाकणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. तेथील कौतुकाचे ‘फोल्ड’ वाचून जो मर्यादित डावात बसतो, तो वीस रुपये वाचविण्यासाठी 160 रुपये सोडून देतो. शेवटचा प्रत्येक कॉल जिंकणाऱ्या खेळाडूचे लोक कौतुक करतात. वस्तुतः तो फारच थोडे कॉल करीत असतो.

मग पाने टाकावयाची कोठे? बहुतांशी अगदी आरंभी, जेथे पॉट लहान असतो आणि सोडून देण्यासारखे काही नसते. ज्याच्या हातात दोन बेरंगी, विजोड, हलकी पाने आहेत तो ‘दहाच तर रुपये’ म्हणून आत येतो. तासाला तीस डाव झाले आणि दहांत तो असा आला, तर शंभर रुपये केवळ दाराशीच गेले. शिवाय अर्धवट जुळलेली जोडी त्याला पुढल्या, महागड्या फेऱ्यांत ओढून नेते ते वेगळेच.

पोकरला जुगार म्हणावे की कौशल्याचा खेळ, यावर न्यायालयांत एकमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, तेव्हा तीन पत्तीपासून तिला वेगळे काढले होते. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यास बंदी घातली, तीत कौशल्य आणि नशीब असा भेद ठेवलेला नाही.

आणखी दोन गोष्टींनी वरील आकडे बदलतात. कॉल करणाऱ्याच्या मागे अजून कोणी बोलावयाचा राहिला असेल, तर तो बोली चढवू शकतो. वीसची किंमत मग चाळीस होते. दुसरी गोष्ट माणसांविषयी आहे. अल्प पैशांच्या टेबलावर लोक कुतूहलाने कॉल पुष्कळ करतात, पण शेवटच्या फेरीत खोटी बोली चढवण्याचे धाडस फार थोडे करतात. तेव्हा तासभर निमूटपणे कॉल करणारा गृहस्थ शेवटच्या पानावर एकाएकी बोली चढवतो, त्या वेळी मध्यम जोडी नवांतून एकदाही जिंकत नाही. तेवढी एक वेळ पॉट कितीही मोठा दिसला तरी पाने टाकावीत.