तिबिरीन मठ

उत्तर अल्जीरियातील ट्रॅपिस्ट पंथाचा रोमन कॅथलिक मठ. अधिकृत नाव ‘नोत्र-दाम द लात्लास’ (ॲटलासची पवित्र माता मारिया). अल्जिअर्सच्या दक्षिणेस सु. ९० किमी. वर, मेदेआ शहराजवळच्या डोंगराळ भागात तो वसलेला आहे. ‘तिबिरीन’ या बर्बर शब्दाचा अर्थ ‘बागा’ असा आहे. धर्मांतराचा प्रयत्न न करता मुस्लिम शेजाऱ्यांच्या सहवासात राहिलेला मठ म्हणून, तसेच १९९६ मधील सात मठवासीयांच्या हत्येमुळे तो प्रसिद्धीस आला.

फ्रेंच राजवटीत १८४३ मध्ये ट्रॅपिस्टांनी अल्जिअर्सजवळ स्टावेली येथे मोठा मठ स्थापन केला होता. सरकारने दिलेल्या विस्तीर्ण जमिनीवर उभा असलेला हा मठ वसाहतवादी शेतीचेच एक अंग होता. १९०४ मध्ये तो बंद पडला. पुढे १९३४ मध्ये सध्याच्या स्लोव्हेनियातील राय्हेनबुर्ग मठातून काही मठवासी अल्जीरियात आले व १९३८ मध्ये तिबिरीनला स्थिरावले. फ्रान्समधील एग्‌बेल मठाने त्यांना मनुष्यबळ पुरविले. प्रार्थना, मौन आणि शेतीकाम हा त्यांचा नित्यक्रम होता. वैद्यकीय शिक्षण घेतलेले धर्मबंधू ल्यूक दोशिए (१९१४–९६) यांनी १९४६ पासून येथे दवाखाना चालविला. तेथे कोणालाही मोफत उपचार मिळत. स्वातंत्र्ययुद्धात, १९५९ मध्ये, बंडखोरांनी त्यांना व आणखी एका मठवासीयास पळवून नेले. पण काही दिवसांनी दोघांनाही सोडून दिले.

स्वातंत्र्यानंतर (१९६२) बहुतेक यूरोपीय लोक देश सोडून गेले व मठवासीयांची संख्याही रोडावली. १९६३ मध्ये पंथप्रमुखांनी मठ बंद करण्याचे ठरविले. तथापि अल्जिअर्सचे आर्चबिशप लेऑं-एत्येन द्यूव्हाल यांचा त्यास विरोध होता. त्याच सुमारास पंथप्रमुखांचे निधन झाले आणि तो निर्णय अंमलात आला नाही. १९७६ मध्ये मठाच्या सु. ३७४ हेक्टर जमिनीपैकी केवळ १४ हेक्टरच्या आसपास जमीन मठाकडे उरली. बाकीची शासनाकडे गेली. राहिलेली जमीन मठवासी गावकऱ्यांच्या सहकार्याने कसू लागले. जमीनदार म्हणून आलेला मठ अशा रीतीने गावाचा शेजारी बनला.

या परिवर्तनास वैचारिक अधिष्ठान दिले ते क्रिस्त्यां द शेर्जे (१९३७–९६) यांनी. स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच अधिकारी असताना मोहंमद नावाच्या एका अल्जीरियन स्नेह्याने त्यांचे प्राण वाचविले व त्यापायी स्वतःचे प्राण गमावले. १९७१ मध्ये ते तिबिरीनला आले, रोममध्ये त्यांनी अरबी व इस्लामचा अभ्यास केला आणि १९८४ मध्ये ते मठप्रमुख झाले. १९७९ पासून ‘रिबात-अस्-सलाम’ (शांतीचे बंधन) या गटात ख्रिस्ती व मुस्लिम साधक एकत्र येत. १९८८ मध्ये मठाच्या आवारातील एक दालन गावकऱ्यांना नमाजासाठी देण्यात आले.

१९९२ पासून अल्जीरियात शासन व सशस्त्र इस्लामी गट यांच्यात यादवी भडकली. १४ डिसेंबर १९९३ रोजी मठाजवळच काम करणाऱ्या बारा क्रोएशियन कामगारांची हत्या झाली. त्याच महिन्यात नाताळच्या पूर्वसंध्येला एक सशस्त्र टोळी मठात शिरली व तिने औषधे, पैसे आणि डॉक्टरांची मागणी केली. डॉक्टरांना डोंगरात नेण्यास शेर्जे यांनी नकार दिला. मात्र जखमींनी दवाखान्यात येण्यास हरकत नव्हती. पुढे मठवासीयांनी आपसांत विचारविनिमय करून तेथेच राहण्याचे ठरविले. मठात कायम राहण्याचे व्रत त्यांनी घेतले होतेच. शिवाय शेजारी निघून जाऊ शकत नसताना आपण जाणे हा विश्वासघात ठरेल, अशी त्यांची भावना होती. शेर्जे यांनी १ जानेवारी १९९४ रोजी पूर्ण केलेल्या मृत्युपत्रात आपल्या भावी मारेकऱ्यास आधीच क्षमा केली असून त्याच्या कृत्यासाठी इस्लाम वा अल्जीरियन जनतेस दोषी धरू नये, असे म्हटले आहे.

२६-२७ मार्च १९९६ च्या रात्री सात मठवासीयांचे अपहरण झाले. दोघे अपहरणकर्त्यांच्या नजरेतून सुटले. २१ मे रोजी त्यांना ठार केल्याचे ‘जीआयए’ या सशस्त्र गटाने पत्रकाद्वारे जाहीर केले. ३० मे रोजी केवळ त्यांची शिरे सापडली. ती मठाच्या आवारातच पुरण्यात आली. या हत्येस कोण जबाबदार, याविषयी मतभेद आहेत. अल्जीरियन लष्कराच्या चुकीच्या गोळीबारात ते मारले गेले, अशी साक्ष २००९ मध्ये एका निवृत्त फ्रेंच सेनाधिकाऱ्याने दिली. फ्रेंच न्यायालयीन चौकशीत २०१४ मध्ये अवशेष उकरून तपासण्यात आले, तथापि या प्रश्नाचा अंतिम निर्णय झालेला नाही.

बचावलेल्या मठवासीयांनी मोरोक्कोत मठजीवन चालू ठेवले; त्यांचा मठ २००० पासून मिडेल्ट येथे आहे. तिबिरीनची देखभाल २०१६ पासून ‘शमँ नफ’ हा कॅथलिक समुदाय करीत आहे. मठवासीयांच्या जीवनावर आधारित फ्रेंच चित्रपटास २०१० च्या कॅन महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळाला. ८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान येथे या सात जणांसह एकोणीस हुतात्म्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. मुस्लिम-बहुसंख्य देशात असा विधी प्रथमच होत होता.