जाळ्याबाहेरची पंगत

नॉर्वेचा नकाशा काढून बघा. पश्चिमेचा किनारा सरळ म्हणून कुठे नाहीच! समुद्राचं पाणी डोंगरांच्या मधून पार आतपर्यंत घुसलेलं दिसेल. या चिंचोळ्या, खोल खाड्यांना फ्योर्ड म्हणतात. पाणी थंडगार, लाटांचा मारा कमी. म्हणून १९७० च्या सुमारास तिथे सॅमन माशांची शेती सुरू झाली. ही शेती म्हणजे पाण्यावर तरंगणारं प्लॅस्टिकचं भलंमोठं कडं आणि त्याला खाली सोडलेलं पिशवीसारखं जाळं. मोठ्या कड्याचा घेर दीडशे मीटरच्या आसपास असतो. अशा एका पिंजऱ्यात जास्तीत जास्त किती सॅमन ठेवायचे, हे तिथल्या कायद्याने ठरवून दिलंय. किती असतील? दोन लाख!

पण आज आपल्याला आतल्या सॅमनशी काही देणंघेणं नाही. जाळ्याबाहेर कोण घिरट्या घालतंय, ते बघायचंय.

जेवणाची वेळ झाली की पाईपमधून हवेच्या झोताने खाद्याच्या गोळ्या पाण्यावर उडतात. सॅमन त्यांच्यावर तुटून पडतात. तरी काही गोळ्या सुटतातच. एखादी गोळी हळूहळू खाली जाते, जाळ्याच्या भोकातून बाहेर निसटते आणि गट्टम! बाहेर टपून बसलेला सेई मासा ती मटकावतो. सेई हा कॉडचा भाऊबंद. पाठ काळपट हिरवी आणि अंगाच्या कडेने गेलेली एक सरळ, फिकट रेघ. पंगतीचं आमंत्रण नाही, पण पहिल्या वाढपापासून हजर! असे आगंतुक किती असावेत? शास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या नऊ मत्स्यशेतांभोवती पाण्याखाली कॅमेरे सोडून अंदाज घेतला. एकेका शेताभोवती सरासरी दहा टन जंगली मासे निघाले, आणि त्यांत सर्वांत जास्त सेई.

आता खरी गंमत. कॅमेऱ्यात आज दिसलेला सेई आणि उद्या दिसलेला सेई एकच की वेगवेगळे? माशांची हजेरी घ्यायची कशी? चेहऱ्यावरून ओळखू म्हणाल, तर सगळे सारखेच!

यावर एक झकास युक्ती आहे. सेई गळाने पकडायचा. गुंगीचं औषध घातलेल्या पाण्याच्या टबात ठेवायचा. तो सुस्त झाला की पोटाला छोटीशी चीर द्यायची, आत करंगळीपेक्षाही लहान असं एक यंत्र सरकवायचं, दोन-तीन टाके घालायचे. मासा शुद्धीवर आला की परत समुद्रात. आता हे यंत्र थोड्या थोड्या वेळाने आवाज काढत राहतं. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, पण मत्स्यशेताजवळ दोराला बांधलेले ‘कान’ तो टिपतात. प्रत्येक माशाच्या आवाजाचा क्रमांक वेगळा. शिवाय दोन आवाजांमधलं अंतर मुद्दामच कमीजास्त ठेवतात. का बरं? दोन मासे दरवेळी एकदम बोलले, तर कुणाचंच धड कळणार नाही ना!

या हजेरीतून काय निघालं? बरेच सेई दिवसातले कित्येक तास मत्स्यशेताजवळच असतात. पण ते एकाच शेताला चिकटून राहत नाहीत. काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या शेताला भेट देतात, परत येतात, पुन्हा जातात. काही मात्र सरळ निघूनच जातात. म्हणजे दोन शेतांचे मालक एकमेकांना ओळखत नसले, तरी त्यांच्यामध्ये सेईंची ये-जा सुरूच. एका शेतातला रोग असा दुसरीकडे पोचेल का, ही काळजी त्यामुळेच वाटते. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे सॅमनच्या अंगावर पडणाऱ्या खास उवांना सेई फारसा मानवत नाही.

खाल्लेलं अंगी लागतं, हेही इथे दिसतं. शेताजवळच्या सेईचं यकृत चांगलंच मोठं होतं. त्याच्या शरीरातल्या चरबीत सोयाबीन आणि मोहरीच्या जातीच्या बियांच्या तेलाची खूण सापडते. समुद्रात राहणाऱ्या माशाने सोयाबीन कुठे खाल्लं? अर्थात, त्या गोळ्यांमधून! काही मच्छीमार मात्र कुरकुरतात, की असल्या सेईचं मांस मऊ पडतं.

सगळेच पाहुणे उरलंसुरलं खाऊन गप्प बसतात असं नाही बरं का. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर ब्लूफिश नावाचा धारदार दातांचा मासा थेट पिंजऱ्यात शिरून आतले मासेच फस्त करतो. त्याच्यापुढे आपला सेई म्हणजे अगदी सज्जन.

इतके मासे एका जागी म्हटल्यावर गळ टाकायचा मोह कुणाला होणार नाही? पण नॉर्वेत मत्स्यशेतापासून शंभर मीटरच्या आत मासेमारीला बंदी आहे, आणि वीस मीटरच्या आत होडी नेता येत नाही.

आपल्या देशातही असे पिंजरे आहेत. २००७ मध्ये विशाखापट्टणमजवळ खुल्या समुद्रात पहिला पिंजरा सोडला गेला आणि त्यात जिताडा वाढवला. तुम्हाला कधी असा पिंजरा बघायची संधी मिळाली, तर खाद्य टाकायच्या वेळेलाच जा. आणि आतल्या माशांआधी बाहेरच्या पाण्यात कोण कोण आलंय ते मोजा.