निरोग्यांची तपासणी : लोकसंख्या-चाळणीच्या तत्त्वांसंबंधी काही विचार

दुखणे घेऊन आलेल्या रोग्यास वैद्याने तपासणे आणि कसलीही तक्रार नसलेल्या माणसाला वैद्यकाने आपण होऊन गाठणे या दोन गोष्टी वरकरणी सारख्या भासल्या, तरी त्यांची नैतिक भूमी वेगळी आहे. पहिल्या प्रसंगी वैद्य यथाशक्ति उपाय करण्यास बांधलेला असतो. दुसऱ्या प्रसंगी तो हिताचे आश्वासनच न बोलता देत असतो. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडलेल्या दहा कसोट्यांच्या मुळाशी हाच भेद आहे. रोग महत्त्वाचा असावा, त्याची ओळखू येण्याजोगी पूर्वावस्था असावी, परीक्षा लोकांना मान्य व्हावी, निदान व उपचारांची सोय असावी, या त्यांतील प्रमुख होत.

परीक्षा चांगली असली म्हणजे भागले, ही समजूत मात्र गणितापुढे टिकत नाही. एक लाख लोकांत १०० जणांना एखादा रोग आहे असे धरू. परीक्षेची संवेदनक्षमता शेकडा ९० व विशिष्टता शेकडा ९५ असेल, तर ९० रोगी सापडतील. पण त्यांच्याबरोबर ४,९९५ निरोगी माणसांवरही संशयाचा शिक्का बसेल. संशयित ठरलेल्या दर शंभरांत खरे रोगी दोनही नाहीत! तीच परीक्षा शेकडा ५ लोकांना रोग असलेल्या समाजात वापरली, तर हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर जाते. परीक्षेचे मोल अशा रीतीने समाजातील रोगाच्या प्रमाणावर अवलंबून असते.

याहून फसवे असते ते 'निदानानंतरचे आयुष्य' हे माप. मृत्यूची तिथी तीच राहून निदान तीन वर्षे अलीकडे आले, तर रोगी तीन वर्षे अधिक जगला असे कोष्टकात दिसते. वस्तुतः तो तीन वर्षे अधिक काळ रोगी म्हणून जगलेला असतो. शिवाय मंदगतीचे, कदाचित कधीच न त्रासणारे रोग चाळणीत अधिक सापडतात. दक्षिण कोरियात १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाची नोंद सुमारे पंधरापट झाली. त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणून खरा निवाडा यदृच्छ वाटपाच्या प्रयोगातील मृत्यूंच्या तुलनेनेच होऊ शकतो.

असा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे ५२ ग्रामसमूहांतून चार गट पाडण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूच्या एकाच परीक्षेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तपासणी न झालेल्या गटात ते ६४, तर या गटात ३४ होते. पेशीपरीक्षा आणि ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी यांनी मात्र मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही.

तुलनेसाठी ठेवलेल्या स्त्रियांना तपासणीवाचून राहू देणे योग्य होते काय, यावर पुढे कडक टीका झाली. देशात तेव्हा नियमित तपासणी नव्हतीच, हे समर्थन खरे असले तरी पुरेसे वाटत नाही. प्रचलित उपेक्षेलाच 'प्रमाण उपचार' मानण्याचा धोका त्यात आहे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील प्रयोगाने आणखी एक गुंता पुढे आणला. तेथे आरोग्यसेविकांनी हीच ॲसेटिक आम्लाची पाहणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात मृत्यूंत शेकडा ३१ घट आढळली. अर्थात एकदा केलेली व पुनःपुन्हा केलेली पाहणी हे दोन भिन्न कार्यक्रम आहेत. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने पाहणी हीच पद्धत घेतली, पण अंतर पाच वर्षांचे ठेवले. मुंबईतील यशाचा किती भाग पुनरावृत्तीचा होता, याचे उत्तर न देता तो आकडा पाच वर्षांच्या कार्यक्रमास लावणे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी संशयित स्त्रीची पुढील तपासणी आणि उपचार वेळेवर होतात की नाही, हा प्रश्न तर त्याही आधीचा आहे.