सगळ्यात छोटा मदरबोर्ड घ्यायचा का? सांगलीच्या पीसीची गोष्ट

आज थोडी मोजामोजी आहे, पण कंटाळा येणार नाही.

सांगलीला गावभागात माझा मावसभाऊ राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा घरातला पीसी टेबलावरच राहिला आणि गेला. २०२१ च्या जुलैत परत तीच पळापळ. आता पठ्ठ्या डिप्लोमाला आहे, बजेट तीस हजार, त्यातच मॉनिटर. मला साताऱ्याला फोन करून म्हणतो, "दादा, सगळ्यात छोटा बोर्ड सांग. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की पीसी उचलायचा आणि माडीवर न्यायचा."

मागणी रास्त आहे. पण छोटं म्हणजे स्वस्त, हे इथं चालत नाही.

नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४. आणि २००१ मध्ये व्हिया कंपनीने आणलेला मिनी आयटीएक्स १७० बाय १७०, म्हणजे साधारण पोळीएवढा. दिसायला लय भारी! पण तेवढ्या जागेत सगळं कोंबायचं आणि खपही कमी, म्हणून तो महाग पडतो. पुढे खर्च वाढतच जातो. छोट्या कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा नेहमीचा एसएमपीएस बसत नाही, एसएफएक्स लागतो. तो रात्रीत उडाला तर सकाळी गल्लीतल्या दुकानात मिळेलच असं नाही. शिवाय पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट एकच. ग्राफिक्स कार्ड लावलं की संपलं.

म्हणून मी त्याला मायक्रो एटीएक्सच घ्यायला लावला. उचलायला सोपं-अवघड हे बोर्डापेक्षा कॅबिनेटवर ठरतं, आणि या बोर्डासाठीही आटोपशीर कॅबिनेट मिळतात. वाचलेल्या पैशात रॅम वाढवली.

एक सांगायचं राहिलं. स्वस्तातले बरेच मायक्रो एटीएक्स बोर्ड पूर्ण २४४ रुंद नसतात. मग उजवीकडची कड स्क्रूशिवाय अधांतरी राहते. चोवीस पिनांची केबल खोचताना तिथं खालून बोट धरा, नाहीतर बोर्ड वाकतो. आणि कॅबिनेटमधले जे पितळी खुंटे बोर्डाच्या भोकाखाली येत नाहीत, ते आधी काढा. मागून टेकले तर शॉर्ट. आम्ही एक विसरलो होतो, चालू करायच्या आधी दिसला म्हणून वाचलो.

आणि पाणी वाढलं, पण आधी आजीला वर न्यायचंय, पीसी उचलायला हात मोकळे नाहीत, तर? मेन स्विच बंद, वायर काढायची, झाकण उघडून एक स्क्रू, एम डॉट टू एसएसडी खिशात. कॉलेजचं सगळं काम त्यातच आहे. त्या कामाचा स्क्रू-ड्रायव्हर त्यानं जिन्यात खिळ्याला टांगून ठेवलाय.